गाडीमागं उभा राहणारा माणूस

माझे थोरले दीर, म्हणजे दादा, माझ्याशी कधी सरळ बोलले नाहीत. मला काही सांगायचं असलं की ते जाऊबाईंना सांगत, नाहीतर माझ्या नवऱ्याला. मी समोर उभी असले तरी "तिला सांग" असंच म्हणत. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलू नये, ही त्यांच्या घरची जुनी पद्धत म्हणे. पण जाऊबाईंच्या बहिणी आल्या की दादा त्यांच्याशी ओट्यावर बसून मनसोक्त गप्पा मारत. त्यामुळं यात पद्धत किती आणि माझ्याबद्दलचा राग किती, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं.

अपवाद एकच होता. रोज सकाळी मी गाडी मागं घेताना ते फाटकापाशी उभे राहत आणि मला म्हणत, "येऊ द्या. येऊ द्या. बस."

सिडकोतलं आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. पुढचा भाग दादांचा, मागचा आमचा. घराच्या कडेनं मागच्या पत्र्याच्या शेडपर्यंत जाणारा बोळ दोघांचा. त्याच्या एका अंगाला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या अंगाला दादांचा ओटा, आणि शेवटी फाटकाचे दोन सिमेंटचे खांब. गाडी सरळ आत जायची आणि उलटी बाहेर यायची. गाडी मी घेतलेली, सेकंडहँड. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात आहे, तो शिफ्टच्या बसनं जातो. मी एका खासगी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी उपाशीपोटी बसलेली माणसं माझी वाट बघत असतात, त्यात म्हातारी जास्त. म्हणून उशीर झालेला मला चालत नाही.

बाईनं गाडी चालवावी आणि नवऱ्यानं बसनं जावं, हे दादांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. तरी ते मागं उभे राहायचे, कारण त्यांनी "येऊ द्या" म्हटल्याशिवाय माझं चाक हलत नव्हतं. मीही त्यांच्या शब्दावर गाडी घ्यायची. बोळ अरुंद, आरशात भिंत आणि खांब एकाच वेळी नीट दिसत नसत.

एका सकाळी नळाला पाणी आलं होतं. बोळात पाइप पसरलेले, ड्रम भरायला लावलेले. त्यातून वाट काढत मी गाडी मागं घेत होते. दादा म्हणाले, "येऊ द्या." मी घेतली. "येऊ द्या, येऊ द्या." मी आणखी घेतली. आणि मागून दणका बसला. उतरून पाहते तर बंपर खांबावर आदळून फाटला होता आणि डिकी चेपली होती.

दादा हात मागं बांधून उभे होते. जाऊबाई पाइप हातात धरून बाहेर आल्या, तसे त्यांना म्हणाले, "मी बस म्हणालो. तिला ऐकू येत नाय त्याला मी काय करू?"

ते बस म्हणाले नव्हते. माझी काच खाली होती. समोरच्या घरातली माणसं फाटकाशी आली, तेव्हा दादांनी त्यांनाही हेच सांगितलं आणि वर म्हणाले, "गाडी चालवायची लई हौस." लोक हसले. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "असेल गं, पाण्याच्या आवाजात राहिलं असेल."

त्यानंतर कित्येक महिने त्या गल्लीत मी खांबाला गाडी ठोकणारी बाई होते. दादा मात्र रोज सकाळी येऊन उभे राहायचेच.

लॅबमधल्या एका मैत्रिणीनं मला तो सेन्सर दाखवला. मागच्या नंबर प्लेटभोवती बसणारी एक काळी चौकट, तिच्यात दोन गोल डोळे. वायर नाही, काही नाही. मोबाईलमध्ये त्याचं ॲप घ्यायचं, मोबाईल स्टँडवर लावायचा. गाडी मागं घेतली की पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या दिसतात, आणि मागं काही जवळ आलं की मोबाईल वाजायला लागतो. मी तो मागवला. मुकुंदवाडीत माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे, त्यानं तो बसवला, गॅरेजच्या भिंतीपर्यंत गाडी मागं घेऊन दाखवली आणि म्हणाला, "ताई, अब पीछे किसी को खडा करने की जरूरतच नै."

दुसऱ्या दिवशी दादा नेहमीसारखे खांद्यावर टॉवेल टाकून फाटकापाशी आले. मी काच खाली केली आणि म्हणाले, "दादा, तुम्ही उभं राहू नका. आता लागत नाही."

मी मोबाईल बघत, आरसा बघत गाडी बाहेर काढली. कुठं घासली नाही. रस्त्यावर आल्यावर मी त्यांच्याकडं पाहिलं. ते चौकटीतल्या त्या दोन डोळ्यांकडं बघत होते.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला ओट्यावर बोलावलं. म्हणाले, "तिनं गाडीला कॅमेरा लावलाय. माझा ओटा, माझं घर सगळं तिच्या मोबाईलमध्ये जातंय. घरात बायामाणसं राहतात."

मी मोबाईल घेऊन बाहेर आले. नवऱ्यानं तो त्यांच्यापुढं धरला. "दादा, फोटो नाही येत यात. या नुसत्या पट्ट्या आहेत. बघ."

"मला शिकवू नको," दादा म्हणाले. मोबाईलकडं त्यांनी पाहिलंही नाही.

मग ते मुद्दाम मागं उभे राहायला लागले. फाटकापाशी नाही, थेट गाडीच्या मागं. मी गाडी सुरू केली की ते पेपर घेऊन ओट्यावरून उतरत आणि डिकीकडं पाठ करून वाचायला लागत. मी रिव्हर्स टाकला की मोबाईल केकाटायचा, पडदा लाल. मी थांबायची. ते पान उलटायचे. हॉर्न वाजवला तरी मान वळवायचे नाहीत. त्यांना वाटेल तेव्हा पेपराची घडी घालून ओट्यावर चढायचे, मग मी निघायची. असं रोज. मी लवकर निघायला लागले, तर तेही लवकर उठायला लागले.

नवरा त्या आठवड्यात पहिल्या शिफ्टला होता, माझ्या आधी घर सोडायचा. त्याला सांगितलं तर म्हणायचा, "दोन दिवस करेल, कंटाळेल." दादा कंटाळले नाहीत. त्यांना दुसरं काही काम नव्हतं आणि या कामात त्यांचं मन रमलं होतं.

गारखेड्यात माझ्याकडं एक साखरेचा आजार असलेल्या आजीबाई होत्या. त्यांचं रक्त उपाशीपोटी घ्यायचं असायचं. एका सकाळी दादांनी मला इतकं थांबवलं, की मी पोचेपर्यंत त्यांना घाम फुटून भोवळ आली होती. सुनेनं त्यांना साखरपाणी पाजून पलंगावर निजवलं होतं. "आम्ही दुसऱ्या लॅबला सांगू," ती दारातच म्हणाली आणि दार लावून घेतलं. लॅबच्या साहेबांनी मला बोलावून सुनावलं ते वेगळंच. मी घरचं कारण सांगितलं नाही. दीर गाडीमागं उभा राहून पेपर वाचतो, हे कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरले. दादा पाठ करून उभेच होते. मी म्हणाले, "दादा, सरका."

ते कंपाउंडच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "माझ्या बापाची जागा हाय. मी कुठंबी उभा राहीन."

"काल एक म्हातारी बाई तुमच्यामुळं चक्कर येऊन पडली."

"तिला म्हणावं, गाडी सोड, रिक्षानं जा. लोकं जात्यात."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या चौकटीवर माझ्यापेक्षा जास्त भरवसा यांचाच आहे. आधी ते बाजूला उभे राहायचे, गाडीच्या वाटेत कधीच नाही. आता यंत्र ओरडणार आणि मी थांबणार, याची खात्री असल्यावर पाठ करून उभे आहेत.

मी परत गाडीत बसले. मोबाईल स्टँडवरून काढला, खिडकीतून हात बाहेर काढून, वळले असते तर त्यांना दिसला असता असा धरला आणि बंद केला. "दादा, आज यंत्र बंद आहे," म्हणाले आणि रिव्हर्स टाकला.

आमचा बोळ रस्त्याकडं थोडा उतरता आहे. ब्रेक जरासा सोडला की गाडी आपोआप सरकते. ती सरकली. आवाज काही झाला नाही. आरशात मला त्यांची मान वळताना दिसली, मग चेहरा दिसला. त्यांनी एका उडीत ओटा गाठला, त्यांची एक चप्पल आणि पेपर खालीच राहिले. मी ब्रेकवर पाय ठेवूनच होते, गाडी जागेवरच होती म्हटलं तरी चालेल. पण पुढं मी थांबले नाही. त्यांच्या पेपरावरून गाडी बाहेर काढली आणि कामाला गेले. दिवसभर मला फार बरं वाटत होतं.

दुपारपर्यंत गल्लीत झालं होतं, की मी दादांना गाडीखाली घ्यायला निघाले होते. जाऊबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. दादांनी वैजापूरहून चुलत सासऱ्यांना बोलावून घेतलं, आणि रविवारी पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली सगळे बसले. दादांचं म्हणणं एकच होतं: बोळाच्या मधोमध भिंत घाला, मला यांच्याशी संबंध नको.

चुलत सासरे म्हणाले, "अरे, मग गाडी कुठून जाईल?"

"ते मला काय विचारता? हिला चालवता येत नाय, हे सगळ्या गल्लीला ठावं हाय. खांबाला घातली तवाच मी म्हणालो होतो. मी बस, बस म्हणत होतो आन् ही घेतच होती."

नवरा इतका वेळ मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "तू बस म्हणाला नव्हतास."

दादांनी वळून त्याच्याकडं पाहिलं.

"मी गच्चीवर टाकी भरली का बघत होतो," तो म्हणाला. "सगळं ऐकत होतो. गाडी खांबाला लागेपर्यंत तू येऊ द्या, येऊ द्या म्हणत होतास."

दादा उठून आत गेले. चुलत सासऱ्यांनी चहा अर्धाच ठेवला. दादांनी ते कबूल केलं नाही आणि कुणी त्यांना पुन्हा विचारलंही नाही. भिंत मात्र झाली. त्यांना ती हवीच होती, आणि सगळ्यांसमोर भावाला खोटं पाडल्यावर माझ्या नवऱ्यालाही नाही म्हणता येईना.

त्या रविवारी दादांवरचा माझा राग संपायला हवा होता. गल्लीत ज्यानं मला खोटं पाडलं, तो सगळ्यांसमोर खोटा पडला होता. पण मी आमच्या खोलीत आले ती नवऱ्यालाच विचारत. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"भाऊ आहे गं."

"आणि मी?"

तो म्हणाला, "आज बोललो ना." मग टीव्ही लावला.

गल्ली हसत होती तेव्हा तो त्या गल्लीतून माझ्या शेजारून चालत होता. पाण्याच्या आवाजात राहिलं असेल, हे त्यानं मला डोळ्याला डोळा देऊन सांगितलं होतं. दादांचा वैरभाव मला निदान समोर दिसत तरी होता.

आता गाडी रस्त्यावर असते. पहिल्याच महिन्यात कुणीतरी ती काळी चौकट उचकटून नेली. कुणी नेली ते मला माहीत नाही आणि मी शोधलंही नाही. रस्त्यावर गाडी मागं घ्यायला मला काही लागत नाही, आरशात बघून नीट घेते. भिंतीपलीकडं दादा त्यांच्या अर्ध्या बोळात खुर्ची टाकून बसतात. खोकला ऐकू येतो.

मागच्या रविवारी मी बीड बायपासला फ्लॅट बघायला गेले. नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, बापाचं घर सोडून मी कुठं येऊ. मी म्हणाले, तुम्हाला या असं कुणी म्हटलंय. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, गॅलरीत ऊन. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस किल्ली फिरवत म्हणाला, "मॅडम, साहेब नाही आले? साहेबांनी एकदा बघितलं असतं म्हणजे..."

मी म्हणाले, "किचन कुठंय ते दाखवा."