टायरचे पावसाळे

आमच्याकडे टायरचं आयुष्य किलोमीटरमध्ये नाही, पावसाळ्यांत मोजतात. मी नर्स. टोकावड्याच्या पुढच्या पाड्यावर मोटारसायकलने जाते. त्या दगडधोंड्यांत माझा मागचा टायर दोन पावसाळ्यांतच गुळगुळीत व्हायचा. मुरबाडचा टायरवाला मग मला न विचारताच खोल खाचांचा, महागातला टायर काढायचा.

यंदाही त्याने तोच उचलला. मी वैतागले.

"दादा, आधी विचारा तरी! साधा टायर द्या, रस्त्यावरचा."

"का हो ताई? पाड्यावर जाणं बंद केलंत?"

"नाय. पार शेवटच्या घरापर्यंत डांबर पडलंय."

हातातला टायर त्याने परत फळीवर ठेवला.

"म्हणजे आता चार पावसाळे तुमी काय इकडे फिरकत नाय," तो म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला.