सावंत मॅडमनी माझ्या वडिलांना विचारलेला प्रश्न

सावंत मॅडम कम्प्युटर सुरू करण्याआधी त्याच्या डब्यावर तळहात ठेवायच्या. ताप बघावा तसा. रोह्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या अकरावी-बारावीला कम्प्युटर सायन्स शिकवत आणि रोज पेणहून एसटीने येत. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकी असे. आईचा फोन आला की मात्र दाराशी जाऊन म्हणत, "नाय गो, जेवले मी. व्हय, डबा संपवला."

प्रोग्राम चुकला तर त्या कधी रागावल्या नाहीत. म्हणायच्या, "चुकलं ते चुकलं. कुठे चुकलं ते दाखव." मग खुर्ची ओढून शेजारी बसत आणि आपण शोधेपर्यंत गप्प राहत. ती शांतता मुलांना जड जाई. मला आवडायची.

बारावीला मायक्रोप्रोसेसरचा भाग आला. बाकीचे तो पाठ करत होते. मला मात्र आत काय चाललंय ते दिसायला लागलं. कुठला आकडा कुठून उचलला जातो, कुठे ठेवला जातो. मॅडम एकदा म्हणाल्या, "तुला प्रोग्राम लिहिण्यापेक्षा मशीनच्या आत शिरायचंय. पुढे कम्प्युटर सायन्स नको, कम्प्युटर इंजिनीअरिंग घे."

घरी मी ते सांगितलं. वडील धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला. ते म्हणाले, "दोन्ही कम्प्युटरच ना? मग बीएस्सी कर. रोज घरी येशील. हॉस्टेल नको." आवाज चढला नव्हता, त्यामुळे वाद घालायला जागाच राहिली नाही. मी "बरं" म्हटलं.

मॅडमना कळलं तशा त्या कॉलेज सुटल्यावर रोह्याजवळच्या वरसे गावी आमच्या घरी आल्या. वडील नुकतेच ड्यूटीवरून आलेले, केस ओले. मॅडमनी समजावलं, "सायन्समध्ये गणित आणि प्रोग्रामिंगवर भर. तेही चांगलंच हाय. माझंही तेच झालंय. पण सर्किट, प्रोसेसर, मशीन घडते कशी, ते हिला इंजिनीअरिंगमध्ये जास्त मिळेल. नोकऱ्या दोन्हीकडे हायत." त्यांचं पुस्तकी मराठी सुटलं होतं, ते माझ्या लक्षात आलं.

"पोरगी लांब राहील, मॅडम."

"व्हय, राहील. तुम्हाला ती जवळ हवी का तिनं तिला हवं ते शिकायला हवं, एवढंच सांगा. मी परत नाय यायची."

वडिलांनी बराच वेळ टॉवेलने केस पुसले. मग आईला म्हणाले, "चहा ठेव मॅडमना." तेवढंच. मी पनवेलकडच्या कॉलेजात इंजिनीअरिंगला गेले.

दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये होते तेव्हा जुन्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. सावंत मॅडम गेल्या. मेंदूत रक्तस्राव. मी मोबाइल पालथा ठेवला. सर्किटची उरलेली जोडणी केली, आउटपुट बरोबर आलं, सरांची सही घेतली.

रविवारी पेणला गेले. मॅडमची आई पुढच्या खोलीत चटईवर बसली होती. मी नाव सांगितलं.

"वरशाची तू? इंजिनेरची?"

"हो."

"तुझ्या घरून आली तवा लय रडली होती गो. मी म्हटलं, नाय म्हणाले का? तर बोलली, नाय आई, त्या पोरीचा बाप हो म्हणाला." म्हातारी थोडी थांबली. "हिलाबी तेच करायचं होतं. हिचे बाबा नाय म्हणाले. मीबी गप बसले."

मी मान हलवली. काही वाटायला हवं होतं. कुणीतरी पाणी दिलं, ते प्यायले. नमस्कार केला आणि स्टँडवर येऊन पनवेलची एसटी पकडली. खिडकीतून शेतं जात होती, ती बघत राहिले.

हॉस्टेलवर पोचल्यावर वडिलांचा फोन आला. "जाऊन आलीस?"

"हो."

"मलाही यायचं होतं," ते म्हणाले, "शिफ्ट बदलून मिळाली नाय."