आक्काच्या अजगराचा उपास

माझ्या आक्कानं अजगर पाळला होता.
आज सकाळी आक्का गेली.

सकाळपासून मी एका जागी बसली नाही. या खोलीतून त्या खोलीत, अंगणात, परत आत. आक्काची सून म्हणते, मावशी, बीपी वाढेल. वाढू दे.

मोबाइल नातीच्या हाती दिला आन म्हटलं, मी बोलीन तसंच टाइप कर, सुधारू नको.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी लहान, आक्का लग्नाच्या वयाची. आमच्या इकडच्या छोट्या मालेगावात बाबांचं धान्याचं दुकान, मागं गोदाम.
आमी जैन. उंदीर मारायचा नाही. पण आमी जैन हाओत हे उंदरांले कोण सांगणार?

एकदा कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या गाडीतून अजगराचं पिल्लू आलं. गडी काठी घेऊन धावला. आक्का मधात उभी राह्यली.
तेव्हापासून ते तिचं. गोदामात वाढलं, आन उंदीर कमी झाले. बाबांनी नाव ठेवलं मुनीम.

मुनीम काय खातो, हे घरात कोणी कधी तोंडातून काढलं नाही. सगळेच खाली मुंडी, पाताळ धुंडी.

(आता कोणी पाळू नका. गुन्हा हाये. फॉरेस्टवाले अजगराले नेतील आन तुमालेही.)

एका वर्षी ऐन पर्युषणात मुनीमनं खाणं सोडलं. रंग मेला, डोळे दुधासारखे पांढरे झाले.

कात टाकायची वेळ आली होती, दुसरं काही नाही. आक्काले माहीत होतं. अशा वेळी ती त्याच्या अंगावर ओलं पोतं टाके आन कोणाले जवळ फिरकू देत नसे.

पण आमची आत्याबाई! बाबांची विधवा बहीण, घरात तिचाच शब्द. तिनं जाहीर करून टाकलं, मुनीमनं उपास धरला.

झालं. तुमी आता व्हायरल म्हणता ना, तसंच.
सगळं गाव लोटलं. पार इंझोरीहून बैलगाडीनं माणसं आली. बायांनी त्याच्या डोक्यावर कुंकू वाहिलं, धूप जाळला. पावसानं दडी मारली होती, गोदाम नुसतं तापलं होतं. कात वाळून तुकड्यातुकड्यानं सुटायला लागली. डोळ्यांवरची तर चिकटूनच बसली.

त्याले दिसत नव्हतं. भिंतीले तोंड घासे, फुसफुस करे. आक्का ओलं पोतं टाके, आत्याबाई ते उचलून फेके. तपस्व्याच्या अंगावर पोतं टाकतं का कोणी!

वरून आत्याबाईनं ठरवलं, शेवटच्या दिवशी त्याले टोपलीत घालून वाजतगाजत मंदिरात न्यायचं. तिथं पारणं. मुगाच्या पाण्यानं.

आक्काचा जीव थाऱ्यावर नव्हता. मले म्हणाली, आंधळ्या जनावरानं गर्दीत कोणाले चावा घेतला, तर हे हात जोडणारेच त्याले काठ्यांनी ठेचतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोदामात शिरली आन आतून कडी लावली.
आत्याबाई दार वाजवून थकली. बाबा आले, शेजारी आले. आक्का आतून एकदाच बोलली.

"आत्या, त्यानं मौन धरलं हाये. मीबी त्याच्यासंगं धरलं. मौन मोडाचं पाप कोन घेते, ते आधी ठरवा."

कोणी घेतलं नाही.
धर्माच्या बाईले धर्मानंच चूप केलं माझ्या आक्कानं. काय डोकं होतं!

मागच्या खिडकीतून मी तिले पाण्याचे तांबे देत होती. पाणी गाळून बरं का. अजगरासाठी झालं म्हणून काय झालं.
ती पोते भिजवे, त्याच्यावर टाके, तो त्यातून सरकत जाई. मग एकदाची नाकापासून कात सुटली आन पायमोजा उलटा करावा तशी शेपटीपर्यंत निघाली. डोळ्यांवरच्या टिकल्यासुद्धा आल्या. खालून नवा मुनीम, तेल लावल्यासारखा.

आक्का रडून राह्यली होती. मौन होतं, म्हणून बिनआवाजी.

आत्याबाईनं कातीले नमस्कार केला. म्हणाली, याचे कर्म झडले. आन हुकूम सोडला. हा आता तपस्वी, याच्या गोदामात जीव मरता कामा नये. उंदरांचे बीळ बुजवा. याले दूध द्या.

अजगर दूध पीत नाही हो! आक्कानं परोपरीनं सांगितलं. बाबांकडं गेली. बाबा चष्मा पुसत बसले.

तेव्हा तिले कळलं. आता याले हार घालून घालून उपाशी मारतील.

भर दुपारी टोपली डोक्यावर घेऊन ती नाल्याकडं निघाली. मी मागं. टोपली जड, आक्का घामाघूम, पण मले हात लावू देईना.
पळसाखाली तिनं त्याले सोडला. तो जाईच ना. तिच्याच पायाले वेटोळं घालायला लागला. तिनं त्याले पायानं लोटलं.

"जाय. इथं तुले कोनी देव म्हननार नाही. पोटभर खा."

रिकामी टोपली घेऊन ती माझ्या पुढं पुढं चालत घरी आली.

आता हे सगळं आज काहून सांगून राह्यली, ते ऐका.

गेल्या आठवड्यात आक्काचं जेवण सुटलं. घशाखाली घास उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पण लोकांनी ठरवलं, आक्कानं मरेपर्यंत उपासाचं व्रत घेतलं. व्हॉट्सॲपवर फिरलं. दर्शनाले लाइन लागली. पाया पडून राह्यले, सेल्फी काढून राह्यले. माझ्या भाच्यांनी, तिच्याच पोरांनी, तिच्या उशाची वाटी-चमचा उचलून नेला, बरं दिसत नाही म्हणून.

परवा मी सगळ्यांले बाहेर काढलं आन दार लावलं. विचारलं, आक्का, काय पाह्यजे तुले?

"कढी."

थोडीशीच प्याली. मीठ कमी हाये म्हणाली.

सकाळपासून जे 'महान तपस्विनी' लिहून राह्यले, त्यांनी हे वाचा. माझ्या बहिणीचं व्रत नव्हतं. तिले भूक लागली होती.

जय जिनेंद्र, आक्का. नीट जा.