आपल्या माणसांचं घर

दिगंबरराव दामले नोकरीतल्या बदलीवर साताऱ्याहून चंदीगडला आले आणि निवृत्तीनंतर इथलेच झाले. खाली ते आणि नलिनीबाई, वरचा मजला भाड्याने. भाडेकरू मात्र मराठीच हवा, हा त्यांचा बाणा. लोकांना वाटे, केवढं हे मातृभाषेचं प्रेम! खरी गोम वेगळीच होती. इथला माणूस नळ गळला की खाली येऊन भांडतो. बदलीवर आलेला मराठी माणूस संकोचतो. "आपल्या माणसांत कसला आलाय करार?" म्हणत दिगंबरराव त्याला पहिल्याच दिवशी थालीपीठ खाऊ घालत. थालीपीठ पोटात गेलं की त्याचं तोंड कायमचं बंद होई.

मग कधीतरी गीझर बिघडे. "घर तुमचंच समजा," दिगंबरराव डोळ्यांत पाणी आणून म्हणत, "पोटच्या पोराला मी काय भाडेकरू म्हणू?" पोटचं पोर बिचारं मुकाट्याने नवा गीझर बसवी. तीनेक वर्षांत त्याची बदली होई, गीझर राही. असा सप्र्यांनी गीझर, वाघमाऱ्यांनी वायरिंग आणि डॉक्टर नाफड्यांनी अख्खं बाथरूम त्या घराला वाहिलं. दिगंबररावांनी खिशात कधी हात घातला नाही. याला ते माणसं जोडणं म्हणत.

गेल्या वर्षी क्षितिजा गोडबोले आली, नवरा आणि तान्ह्या लेकीला घेऊन. आडनाव ऐकून दिगंबरराव खूश झाले. पण ही पोरगी जन्मली-वाढली चंदीगडातच. मराठी सगळं कळे, उत्तर हिंदीत. थालीपीठ तिने आवडीने खाल्लं, वर लोणी मागून घेतलं, आणि तोंड काही बंद झालं नाही.

इथे थंडीतही पाऊस पडतो. अशाच जानेवारीच्या पावसात वरचं छत गळू लागलं. लेकीचा पाळणा स्वयंपाकघरात ओढून क्षितिजा खाली आली.

"अंकल, छत टपक रही है. बच्ची को कहाँ सुलाऊँ?"

दिगंबररावांनी मनात हिशेब केला. छताचं काम म्हणजे पेन्शनला भलं मोठं भगदाड. हे तिच्या गळ्यात घालायलाच हवं होतं. त्यांनी ठेवणीतला आवाज काढला. "बाळ, घर तुझंच. या घराला माणसांनी किती जीव लावलाय, तुला सांगतो..." आणि सप्र्यांच्या गीझरपासून नाफड्यांच्या बाथरूमपर्यंत सगळी आरती म्हणून झाली.

क्षितिजाने अगदी मन लावून ऐकलं. मग भाबडेपणाने विचारलं, "तो इस घर में आपने क्या बनवाया, अंकल?"

चहा गाळता गाळता नलिनीबाईंचा हात थांबला. दिगंबररावांना प्रश्न वर्मी लागला. चार पोरांच्या दानावर जगणारा घरमालक का मी? ते ताठ झाले.

"छत! भर उन्हात उभं राहून मी स्लॅब टाकून घेतलाय. आजवर एका भाडेकरूचं बोट लागलेलं नाही त्याला!"

"पक्का?"

"पक्का म्हणजे काय! ते छत माझं आहे. माझ्या एकट्याचं!"

"फिर ठीक है जी," क्षितिजा उठली. "मिस्त्री को आज ही बुला लीजिए."

दिगंबररावांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

"अहो, बघताय काय?" नलिनीबाईंनी फोन त्यांच्यापुढे ठेवला. "लावा. आणि तोवर बाळाचा पाळणा तुमच्या खोलीत येतोय. तुम्ही झोपा वर, तुमच्या छताखाली."