मनुबाई आणि नामाची कलमं

कल्याणच्या मासळी बाजारात मनुबाईच्या पाटीसमोर उभं राहायला थोडा धीर लागायचा. गिऱ्हाइकाने बोईटाचा कल्ला उचलून आत डोकावलं की ती म्हणे, "बगा बगा, त्याची नाडी पन बगा. डाक्टर हाव ना तुमी?" कुणी भाव केला तर ती उत्तरच देत नसे. शेजारणीकडे बघून नुसतं नाक मुरडे. ते नाक मुरडणं इतकं परिपूर्ण असे, की डोंबिवलीचे चांगले शिकलेसवरलेले बाप्ये निमूटपणे ती देईल ती मासळी पिशवीत घालून चालू लागत. तुच्छता तिला आईच्या दुधातून मिळाली होती आणि पुढे ती धंद्यात कामाला आली.

सोमवार-गुरुवार पाळणारे, मासा चिमटीत धरणारे, काटा निघाला म्हणून परत येऊन भांडणारे, असे सगळे तिच्या लेखी अर्धवट. पण सगळ्यांच्या खालच्या पायरीवर तिने कायमचं बसवून ठेवलं होतं ते आपल्या नवऱ्याला, नामाला.

नामा एके काळी खाडीतला नावाजलेला माणूस. पाण्याच्या रंगावरून ओढ कशी असेल ते सांगायचा. पण ऐंशी साल उलटलं आणि खाडीला कारखान्यांचं पाणी येऊन मिळू लागलं. आधी मासळीला रॉकेलसारखा वास मारू लागला, मग मासळीच येईनाशी झाली. मनुबाईने हात-पाय हलवले. मुंबईच्या धक्क्यावरून माल आणून ती कल्याणला विकू लागली. नामाने काही हलवलं नाही. तो कोळीवाड्याच्या टोकाला असलेल्या गुत्त्यात जाऊन बाकावर बसला, तो चार-पाच वर्षं बसलाच. मनुबाई त्याला रोज शिव्या घाली आणि रोज जेवायला वाढी.

मग एक दिवस त्याने कुणाला न विचारता होडी विकली आणि टिटवाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर जमिनीचा तुकडा घेतला. विकायची राहिली फक्त डोल. शेपटाकडे बारीक बारीक होत जाणारं ते लांबलचक जाळं मनुबाईच्या बापाने दोन पावसाळे ओटीवर बसून विणलं होतं आणि तिच्या लग्नात दिलं होतं. जाळं म्हणजे लक्ष्मी. फाटलं तर सांधायचं, त्याला पातं लावायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. डोल माळ्यावर पडून होती. "उंदरांची गादी झालेय," असं मनुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पण दर नारळी पुनवेला ती स्वतः शिडी लावून माळ्यावर चढे, डोलीला हळदकुंकू वाही आणि उंदरांनी कुरतडलेले जाळीचे डोळे सुई घेऊन सांधून ठेवी. खाडी कधीतरी निवळेल असं तिला वाटत होतं. हे तिने कुणापाशी बोलून दाखवलं नाही, कारण असं वाटणारी माणसंही तिला मूर्ख वाटत.

नामाने त्या उतारावर आंब्याची कलमं लावली. तीस-पस्तीस काड्या, गुडघ्याएवढ्या. मनुबाईने सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "खारीचा मानूस आनि झारां लावतंय! उंद्या डोंगरावर होरी वल्हवंल."

बाजार हसला. पण घरी एक गोष्ट घडली होती. नामाच्या अंगाला दारूचा वास येईनासा झाला होता. त्याने शपथ घेतली नव्हती, देवाला नवस बोलला नव्हता. तिकडे एक झोपडी बांधून तो राहू लागला, झऱ्यावरून घागरी आणून कलमांना पाणी घालू लागला, आणि दारू आपोआप राहून गेली. यावर मनुबाई काही बोलली नाही. चांगलं काही बोलायची वेळ आली की तिची जीभ जड व्हायची. पण एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, की त्या काड्या जगल्या तर नामा जगेल. त्या मेल्या तर तो पुन्हा त्या बाकावर जाऊन बसेल आणि तिथून उठणार नाही.

पौषात डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलं आणि ससे खाली उतरले.

मनुबाई सोमवारी, धंदा नसलेल्या दिवशी, तिकडे गेली तेव्हा नामा एका कलमाशी उकिडवा बसला होता. बुंध्याची साल जमिनीपासून वीतभर सोलून काढलेली, आतलं पांढरं लाकूड उघडं पडलेलं. पलीकडचं कलम तर मधूनच तिरकं तोडलेलं. अशी सहा-सात होती. नामाचा चेहरा गुत्त्याच्या बाकावर असायचा तसा झाला होता.

"सश्याला भ्यालास?" ती म्हणाली. "येवरासा तो प्रानी. देवमासा आल्यावानी तोंर केलंस."

त्यांच्या कुंपणाला लागून श्रीपादराव नावाच्या एका निवृत्त साहेबांची बाग होती. डोंबिवलीहून ते रविवारी यायचे, आणि निवृत्तीनंतर सोमवारालाही रविवार समजायचे. त्यांनी प्रत्येक रोपाभोवती लोखंडी पिंजरा बसवला होता आणि प्रत्येक पिंजऱ्यावर आपल्या नावाची पत्र्याची पाटी. पाटी झाडापेक्षा मोठी. पिंजऱ्याच्या गजांमधून ससा आरामात आत शिरे, खाई, आणि पाटीच्या सावलीत बसून लेंड्या टाकून जाई. मनुबाईला त्या माणसाकडे बघूनच उत्साह यायचा.

श्रीपादराव कुंपणापाशी आले. "मनुबाई, सशाचा दात खालून लागतो. माझेही पिंजरे फुकट गेले. बारीक डोळ्यांची जाळी हवी. बुंध्याभोवती गुंडाळायची आणि खालची कड मातीत पुरायची. मी आता तेच करणार आहे."

"तुमच्या झारांना वाचाया येतंय का वो?" मनुबाईने विचारलं. "पाट्या लावल्याव म्हनून इचारतंय."

श्रीपादराव ओशाळं हसले आणि गेले. सांगणारा मूर्ख म्हणजे सांगितलेलंही मूर्खपणाचं, असा तिचा सरळ हिशेब होता. नामा मात्र विचारात पडला. पायाच्या अंगठ्याने माती उकरत तो म्हणाला, "बारीक डोल्यांची जाली तं आपल्याकरं हाय गो. माल्यावं."

मनुबाईला समजायला क्षणभर लागला. मग ती अशी कडाडली की झऱ्यावरच्या बायका वर बघू लागल्या. "माज्या बापाची डोल? फारून सश्याच्या तोंराला बांधाची? होरी इकलीस, लाज इकलीस, आता जाल्याला पातं लावतंस? हात लावलास तं बग!"

डोलीचं नाव नामाने पुन्हा काढलं नाही.

पण सशांचं काहीतरी करायला हवं होतं, आणि तोंड एवढं टाकल्यावर ते मनुबाईनेच करायला हवं होतं. तिने ठरवलं की माशाचा वास. पाला खाणारं जनावर माशाच्या वासाला उभं राहत नाही, आणि माशाचं खत झाडाला लागतंच. तिच्या माहेरी माडांच्या बुडाशी सुक्या मासळीचा कुटा पुरत असत. हे त्या पाट्यावाल्या साहेबाला सुचलं असतं का? त्या आठवड्यापासून ती बाजारातली आतडी, कल्ले, धुवण असं सगळं डब्यात भरून टिटवाळ्याला नेऊ लागली. एकदा नेमकी संकष्टी निघाली. हातात दूर्वा आणि जास्वंदीची फुलं घेऊन गणपतीला निघालेल्या गर्दीतून ती तो डबा घेऊन चालली, तशी वाट आपोआप मोकळी झाली. "देवाकरं जातंय ना सगली? मंग नाक कशाला धरतंय?" असं विचारत ती मजेत पुढे गेली.

तिने प्रत्येक कलमावर धुवण शिंपडलं आणि बुडाशी माती उकरून आतडी पुरली.

"वासानं कोल्ही येतील गो," नामा हळूच म्हणाला. "गावची कुत्री पन."

"तुना कोनी इचारला? तू झारां राख, डोस्का नको चालवू. त्याची तुना सवय नय."

ससे खरंच आले नाहीत. पुढच्या खेपेला मनुबाई कलमांमधून जी काही चालली ती बघण्यासारखी होती. कुंपणापलीकडे श्रीपादराव वाकून जाळी पुरत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने नामाला अक्कल कशाला म्हणतात ते समजावून सांगितलं. नामा मान खाली घालून ऐकत होता.

त्यानंतरच्या गुरुवारी ती डबा घेऊन उतार चढली आणि वरच्या बांधाशीच थबकली. सगळीकडे खड्डे. कोल्ह्यांनी आणि कुत्र्यांनी पुरलेली आतडी शोधून शोधून उकरून काढली होती आणि त्यांच्याबरोबर कलमंही. मुळं वर, पानं खाली, अशी ती जागोजागी पडली होती. काही सकाळच्या उन्हात वाळूनसुद्धा गेली होती. दहा-बारा तेवढी उभी होती, तीही तिरकी. श्रीपादरावांची झाडं आपापल्या पाट्यांमागे धडधाकट होती. साहेब आज आलेले नव्हते, एवढंच काय ते देवाने तिच्यासाठी केलं.

नामा कुठे दिसेना. झोपडीला बाहेरून दोरी बांधलेली. मनुबाईने डबा तिथेच टाकला आणि ती आल्या पावली परत फिरली.

वाटभर ती भाषण तयार करत होती. दारुड्या, नामर्दा, चार काड्या मेल्या तर लगेच पळालास? एकेक शब्द ती घासूनपुसून ठेवत होती, कारण शब्द संपले की जे मनात येत होतं ते तिला नको होतं. आतडी पुरली कुणी? नामाने सांगितलेलं झिडकारलं कुणी?

कोळीवाड्यात शिरल्यावर ती घरी गेलीच नाही, थेट गुत्त्यावर गेली. बाक रिकामा होता. गुत्तेवाला सीताराम तिला बघून उठून उभा राहिला.

"कुठं हाय तो?"

"नामा? वरीस झाला असंल, हिकरं फिरकला नय." मग घाबरत म्हणाला, "सकाली गेला हिकरनं घराकरं. हाक मारली तं बगला पन नय."

तयार केलेलं सगळं भाषण मनुबाईच्या तोंडात तसंच राहिलं.

नामा घराच्या ओटीवर बसला होता. त्याच्या मांडीवर, पायांवर, ओटीभर डोल पसरली होती आणि तो वाकून, डोळे बारीक करून, बोटांच्या नखांनी काहीतरी करत होता. मनुबाई जवळ आली तरी त्याला कळलं नाही.

"सांगून ठेवलेला ना, हात लावू नको म्हनून?"

त्याने दचकून वर बघितलं. "पातं नय लावला," तो घाईने म्हणाला. "शपत. एक पन डोला कापला नय. गाठी सोरवतंय." बाजूला सोडवलेल्या दोऱ्याची एक लहानशी गुंडी पडली होती, सुपारीएवढी. "दहा-बारा कलमां उबी हायत अजून. पुरत्या गाठी सुटल्या तं त्यांच्यापुरती जाली होईल. कापाया नको."

त्याची नखं रक्ताळली होती. सकाळपासून बसून त्याने हातभर जाळंसुद्धा मोकळं केलं नव्हतं. मनुबाईच्या बापाने पाण्यात भिजवून, दाताने ओढून मारलेल्या गाठी होत्या त्या. खाडीच्या सगळ्या ओढीला त्या सुटल्या नव्हत्या.

मनुबाई उभी राहून त्या सुपारीएवढ्या गुंडीकडे बघत राहिली. खाली उतरलेल्या खाडीचा काळा चिखल ओटीवरून दिसत होता आणि त्याचा तो रॉकेलसारखा वास इथपर्यंत येत होता. यंदाही आला होता, गेल्या सालीही, त्याच्या आधीही. तिला आपल्या हळदकुंकवाची भयंकर चीड आली. माळ्यावर चढून चढून ती इतकी वर्षं कुणाची पूजा करत होती?

"येडा तो येडाच," ती म्हणाली. "माज्या बापाच्या गाठी तुज्या नखांनी सुटतील? ह्या जल्मात?"

ती घरात गेली आणि मासळी कापायची कोयती घेऊन आली. नामाच्या समोर बसली. पदर डोळ्यांवरून एकदा खसकन फिरवला, डोलीची शेपटाकडची बारीक बाजू ओढून घेतली आणि पातं लावलं. पहिला डोळा कापला गेला तेव्हा बारीकसा आवाज झाला. नामाच्या हातातून जाळं सुटलं.

"ताठ धर," मनुबाई खेकसली. "जाली धराची कशी, ती पन आता मीच शिकवू?"

नामाने डोळे पुसले आणि जाळं ताठ धरलं.