म्हातारीचा कोपरा

मंडईमागे राहत होतो तोवर आमच्या घराचा पत्ता आईला कधी सांगावाच लागला नाही. "मंडईत या आणि कुणालाही विचारा," एवढं तिला पुरे. मग मला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही धायरीत फ्लॅट घेतला. तिथे खूण म्हणून सांगणार काय? इमारती सगळ्या सारख्याच पिवळ्या, रस्त्याला नाव नाही, चिंचेचं झाड सांगावं तर पुढच्या आठवड्यात तोडलेलं. पाहुणे ओढ्यापर्यंत जाऊन परत फिरायला लागले तेव्हा आई वैतागली. त्यानंतर कुणी येणार असलं की ती फोनवर सांगायची, "देवळापासून सरळ या. कोपऱ्यावर मी हिरवं पातळ नेसून उभी राहते. मी दिसले की डावीकडे वळा." वर मला ऐकवायची, "मला काही कुणी तोडून नेणार नाही."

एका दुपारी मावशीची वाट बघत ती तशीच उभी होती. पाण्याच्या टँकरने रिव्हर्स घेताना तिला भिंतीशी चिरडलं. मी धावत खाली पोचलो तेव्हा पातळात हिरवं काही उरलं नव्हतं. लोकांनी ड्रायव्हरला केबिनमधून ओढून काढलं होतं. लाथा, चपला, कुणाच्या तरी हातात पान्हा. मीही घुसलो. त्याच्या तोंडावर ठोसे घातले, त्याचा दात माझ्या बोटात रुतला तरी थांबलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाटायला हवं असं सांगणारे भेटतात. त्यांची आई घरी असते.

बघता बघता त्या कोपऱ्याला नाव पडलं. एक रिक्षावाला मला विचारतो, "म्हातारी चिरडली त्या कोपऱ्याव सोडू का?" मी कॉलर धरून त्याला रिक्षाबाहेर खेचलं. गॅसवाल्याच्या अंगावर धावून गेलो. वाणी तेच बोलला तेव्हा त्याच्या काउंटरवरची बरणी रस्त्यावर आपटली. बाबांनी मला कधी आवरलं नाही. जन्मभर शाळेत शिकवलेला तो शांत माणूस म्हणायचा, "अजून एक ठेवून द्यायची होतीस." माझी आई म्हणजे रिक्षावाल्यांची खूण नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा बाथरूममध्ये घसरले. नळावर आपटून कपाळ फुटलं. टॉवेल दाबून धरला तरी रक्त माझ्या बोटांमधून येत होतं. फोनवर ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता. "साहेब, देवळापाशी हाय. फुडं कुठं?" मी इमारतीचं नाव सांगितलं, मेडिकल सांगितलं, पिठाची गिरणी सांगितली.

"गिरणी कुठंच दिसत न्हाय."

सायरन जवळ आला आणि तसाच ओढ्याकडे लांब गेला. बाबांचे ओठ पांढरे पडत चालले होते. मी ओरडलो, "अरे, म्हातारी चिरडली तो कोपरा!"

"मंग आधीच सांगायचं की! आलो, वळवतो गाडी."

फोन भिंतीवर आपटावा असं वाटलं. तेवढ्यात बाबांनी माझा शर्ट ओढला. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"डावीकडे म्हणावं," ते म्हणाले. "ती दिसली की डावीकडे."

मी ते ड्रायव्हरला जसंच्या तसं सांगितलं, आणि सायरन आमच्या दारात आला.