शेजारची धरलेली जागा

आंग मो किओच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांइतकी दुसऱ्याच्या बसण्याची काळजी वाहणारा माणूस साऱ्या सिंगापुरात नसेल. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली झाली, हा इथला रिवाज. यांनी त्याचा धर्मच करून टाकला होता. खिशात कायम चार पाकिटं. सात वर्षं रोज दुपारी पंख्याखालची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी अडवून ठेवली. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडचं बाकसुद्धा. "जागा धरायला काय लागतं रे? माणूस येणार एवढी खात्री पाहिजे," असं म्हणायचे.

गेल्या वर्षी कामासाठी आम्ही दोघं लंडनला गेलो आणि रविवारी तिथल्या ऑफिसातल्या दोन इंग्रज पोरांबरोबर विंडसर, स्टोनहेंज, बाथ अशी बसची एक दिवसाची सहल घेतली. स्टोनहेंजला गाइडबाई ते अजस्र दगड कुठून आणले असतील ते रंगून सांगत होत्या, तर यांनी मधेच विचारलं, की यांतल्या कुठल्यावर बसलेलं चालतं. बाथला चहाच्या दुकानात टेबलावर पाकीट ठेवून हे काउंटरवर गेले. परत येऊन पाहतात तर एक आजीबाई तिथे बसून त्यातल्याच टिश्यूने चष्मा पुसताहेत. यांनी जागा तर सोडलीच, वर दुसरं पाकीटही त्यांना देऊन टाकलं. इंग्रज पोरं हसली. मीही हसलो, त्यांच्याहून मोठ्याने.

बसमध्ये सकाळपासून खिडकीची जागा त्यांनी माझ्यासाठी धरली होती. मी दर वेळी मागे त्या पोरांत जाऊन बसलो. लंडनला बदली व्हावी असे डोहाळे लागले होते मला. बाहेर मेंढ्या, दगडी कुंपणं, चर्चचे मनोरे मागे पडत होते आणि हे मान वळवून मला खुणावत होते. बाथनंतर मात्र त्यांनी वळून पाहिलं नाही.

लंडनला उतरल्यावर त्यांनी सहज विचारलं, "माझी लाज वाटली का रे तुला?"

"छे हो, काहीतरीच काय," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले.

बदली काही झाली नाही. पुढे त्यांचा सिंगापुरात काम करण्याचा पास संपला आणि ते कायमचे पुण्याला गेले. निरोपाच्या दिवशी खरं सांगायला मी दोनदा त्यांच्याजवळ गेलो. दोन्ही वेळा त्यांनीच विषय बदलला, मी अवघडू नये म्हणून. लंडनच्या त्या संध्याकाळीच "हो, वाटली, चुकलं माझं," एवढं म्हणालो असतो, तर त्यांनी पाठीत एक धपाटा घालून मला माफ केलं असतं. तेवढंही मी त्यांना करू दिलं नाही, याचं फार वाईट वाटतं.